चिन्ह बदलतं म्हणजे काय बदलतं?

पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन मी जीआरईचं गणित शिकवायचो. २००७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची बॅच, दाराबाहेर ओल्या चपलांचा ढीग, आत पंचवीस-तीस मुलं. फळ्यावर मी लिहिलं : क्ष + ३ > ७. (वर्गात अर्थातच आम्ही सगळे एक्स आणि वाय म्हणतो. लिहिताना मी क्ष आणि य लिहितो. वडिलांच्या बीजगणिताच्या जुन्या पुस्तकातून लागलेली ती सवय.) आठवीच्या पोरालाही यावं असं उदाहरण होतं, दमलेल्या वर्गाला जरा श्वास घेता यावा म्हणून घातलेलं. संगमनेरहून आलेला एक मुलगा उठला, खडू घेतला आणि खाली ठाम अक्षरात लिहिलं : क्ष < ७ − ३, म्हणून क्ष < ४.

वर्ग हसला. मीही हसलो, हे कबूल करतो. तो मात्र हसला नाही, ओशाळलाही नाही. जागेवर गेला, वही उघडली आणि म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलं होतंत. काल." मग त्याने माझी दोन वाक्यं वाचून दाखवली. पहिलं : बाजू बदलली की चिन्ह बदलतं. दुसरं : ऋण संख्येने गुणलं की चिन्ह बदलतं. दोन्ही वाक्यांखाली त्याने लाल पेनने रेघ मारलेली. "तीनने बाजू बदलली. म्हणून मी अधिकचं वजा केलं, आणि मोठ्याचं लहान केलं. कुठलं चिन्ह बदलायचं ते तुम्ही सांगितलंच नव्हतं."

मी फळ्याकडे बघत राहिलो. तो चुकला होता, पण माझी वाक्यं जशी होती तशी पाळूनच चुकला होता. अधिक-वजा यालाही आपण चिन्ह म्हणतो आणि लहान-मोठं दाखवणाऱ्या त्या टोकदार खुणेलाही चिन्हच म्हणतो. एका वाक्यात एक चिन्ह, दुसऱ्या वाक्यात दुसरं, आणि मधे शब्द एकच. तीन वर्षं मी ही दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ एक बोलत आलो होतो. ज्यांना कळत होतं त्यांना माझ्यामुळे कळत नव्हतं, एवढं तरी त्या दिवशी स्पष्ट झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी शब्द वाटून टाकले. चिन्ह म्हणजे फक्त अधिक-वजा. त्या टोकदार खुणेला मी तोंड म्हणायला लागलो. प्राथमिक शाळेत बाई सांगायच्या की मगरीचं तोंड नेहमी मोठ्या घासाकडे उघडतं, तेच. 'ऋण संख्येने गुणलं की तोंड फिरतं.' इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं आधी खुदखुदायची, मग तेच म्हणायची. पाठ्यपुस्तकात या प्रकरणाला असमानता म्हणतात, मुलं इनइक्वॅलिटी म्हणतात. विषमता हा शब्द मी वापरत नाही. एक तर तो समाजशास्त्राने घेतलाय, आणि विषम म्हटलं की मुलांना एक, तीन, पाच, सात आठवतात.

पण नुसता शब्द बदलून रोग बरा झाला नाही. कारण खरा घोळ 'बाजू बदलली' या शब्दांत होता. समीकरणात कुणीच बाजू बदलत नाही. तीन उठून पलीकडे जाऊन बसत नाही. आपण दोन्ही बाजूंतून तीन वजा करतो, डावीकडचा तीन त्यात संपतो आणि उजवीकडे वजा तीन दिसतो. बस्स. समीकरणात ही लपवाछपवी खपून जाते, कारण बरोबरच्या खुणेला तोंड नाही, ती दोन्हीकडून सारखीच. असमानतेत खपत नाही. तिथे प्रत्येक पायरीला विचारावं लागतं : मी दोन्ही बाजूंना नेमकं काय केलं? मिळवलं, वजा केलं तर तोंड जिथल्या तिथे. गुणलं किंवा भागलं तर आधी सांग, कशाने? ते धन आहे की ऋण? माहीत नसेल तर गुणू नको.

२०२२ नंतर एक गंमत झाली. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य चुकीचं उदाहरण म्हणून मी वर्गात म्हटलं की हमखास हशा पिकायला लागला. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला तो का पिकतो हे सांगायला नको. एक मुलगा तर म्हणाला, "सर, चिन्ह कुणाचं ते कोर्ट ठरवेल." मी पुढचं उदाहरण घेतलं.

जीआरई म्हणजे अमेरिकेत एम.एस. किंवा पीएच.डी.ला जाऊ पाहणाऱ्यांची परीक्षा. न्यू जर्सीतली ईटीएस नावाची संस्था ती घेते. तिच्या गणितात ना त्रिकोणमिती, ना कॅल्क्युलस. आपल्याकडच्या दहावीच्या पोराने पुस्तक चाळलं तर तो म्हणेल, एवढंच? मी शिकवायला लागलो तेव्हा २८ प्रश्नांना ४५ मिनिटं असायची, कॅल्क्युलेटर नसायचा, आणि संगणक तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरवायचा. एकदा उत्तर दिलं की मागे जाता येत नसे. ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षा बदलली. ८०० पैकी मिळणारे गुण १३० ते १७० च्या पट्टीवर आले, पडद्यावर कॅल्क्युलेटर आला, मागे जायची मुभा मिळाली. सप्टेंबर २०२३ पासून ती आणखी आखडली : पहिल्या भागात १२ प्रश्नांना २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २६. एवढ्या सगळ्या उलथापालथीत एक प्रकार मात्र टिकून राहिला, आणि माझ्या मते सगळी परीक्षा त्यातच आहे. दोन राशी शेजारी शेजारी देतात आणि विचारतात, कुठली मोठी? पर्याय चारच, ते कधीही बदलत नाहीत. पहिली मोठी. दुसरी मोठी. दोन्ही सारख्या. आणि चौथा : दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.

हा चौथा पर्याय आमच्या मुलांच्या घशाखाली उतरत नाही.

पहिल्या तासाला मी नेहमी एकच प्रश्न घालतो. एकीकडे क्षचा वर्ग, दुसरीकडे क्ष. कुठली राशी मोठी? निम्मा वर्ग क्षणात म्हणतो, वर्ग मोठा. दोनचा वर्ग चार, तीनचा नऊ, त्यात विचारायचं काय? मी गप्प बसतो. मग कुणीतरी पुटपुटतं, अर्धा घेतला तर? अर्ध्याचा वर्ग पाव. मग दुसरं कुणी म्हणतं, एक घेतला तर सारखेच. आणि मग हमखास एक हात वर येतो : "सर, म्हणजे गणितात डेटा कमी आहे. चुकीचं छापलंय." एकदा एकाने प्रामाणिकपणे विचारलं होतं, "मग याचे मार्क सगळ्यांना देणार का?" बोर्डाच्या पेपरात चूक निघाली की जे होतं, तेच त्याच्या डोळ्यांसमोर होतं. बारा-पंधरा वर्षं ज्याने प्रत्येक गणिताखाली दोन रेघा मारून उत्तर लिहिलं, त्याला 'सांगता येत नाही' हे उत्तर असू शकतं आणि त्याला पूर्ण गुण मिळतात, हे पटायला आठवडा लागतो. लातूरची एक अतिशय हुशार मुलगी होती. तिला चौथा पर्याय निवडताना मी अनेकदा पाहिलं. माउस तिथे न्यायची, थांबायची, परत पहिल्यावर आणायची. विचारलं तर म्हणाली, "सर, हार मानल्यासारखं वाटतं."

आठवड्यानंतर उलटं होतं. मुलांना चौथा पर्याय सापडतो आणि ती त्यात घर करतात. दोन अक्षरं दिसली, आकडा दिसला नाही, की टाक चौथा. म्हणून मग मी दंडक घातला : 'सांगता येत नाही' म्हणायचं असेल तर दोन साक्षीदार उभे करा. एक असा आकडा ज्यात एखादी राशी मोठी, आणि एक असा ज्यात ती मोठी नाही. दोघांच्या साक्षी एकमेकींविरुद्ध गेल्या पाहिजेत. एका साक्षीवर मी कुणाला सोडत नाही.

साक्षीदार शोधायला कुणाकडे जायचं? एक, दोन, तीन, दहा ही सगळी एकाच घरची माणसं, एकच बोलणार. म्हणून मी पाच पाहुणे ठरवून दिले : शून्य, एक, वजा एक, अर्धा, वजा अर्धा. प्रत्येक प्रश्नाला या पाचांना जेवायला बोलवा. ताटावर कोण रुसतो बघा. सुरुवातीला मुलं शून्याला विसरतात. ते समजण्यासारखं आहे, बोलावलं न बोलावलं तरी त्याने फरक पडत नाही असं त्यांना वाटतं. वजा अर्ध्याला तर सगळेच विसरतात.

एक उदाहरण माझं फार आवडतं आहे. एकीकडे क्षचा वर्ग अधिक एक. दुसरीकडे दोन क्ष. शून्य घाला : एक विरुद्ध शून्य, पहिली मोठी. दोन घाला : पाच विरुद्ध चार, पहिली. वजा एक : दोन विरुद्ध वजा दोन, पहिली. अर्धा : सव्वा विरुद्ध एक, पहिली. एव्हाना घाईचा मुलगा उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. आता एक घाला. दोन विरुद्ध दोन. सारखे! अख्ख्या संख्यारेषेवर एकच आकडा असा आहे जिथे पहिली राशी मोठी नाही, आणि तेवढ्यासाठी उत्तर चौथं. पाहुण्यांवर न विसंबता पाहायचं तर दोन्ही राशींची वजाबाकी करा. क्ष वजा एक याचा वर्ग मिळतो. वर्ग ऋण होत नाही, पण शून्य होऊ शकतो. मग मी उजवीकडच्या दोन क्षमधून एक कमी करतो आणि पुन्हा विचारतो. आता फरक त्याच वर्गात एक मिळवून येतो, तो शून्यही होऊ शकत नाही, आणि पहिली राशी कायमची मोठी ठरते. पाहुणे पाचही तेच सांगतात, पण त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, वजाबाकीने सांगितलं म्हणून. इथे वर्गात एखाद-दुसऱ्याचा चेहरा उजळतो. त्यासाठीच मी एवढी वर्षं खडू झिजवला, पैशांसाठी झिजवला तितकाच.

पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरचा या सगळ्यात काडीचा उपयोग नाही. तो आल्यावर पालक खूश झाले होते.

मी मूळचा शिक्षक नाही. मेकॅनिकलची पदवी घेऊन १९९९ मध्ये भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो. २५ मिलिमीटरचं भोक, टॉलरन्स अधिक-उणे ०.०२. दिवसाला शेकडो नग. प्रत्येक भोक नेमकं किती आहे हे मोजत बसायला कुणाला वेळ नव्हता आणि कुणाला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. हातात प्लग गेज असायचा. एका टोकाला 'गो', दुसऱ्या टोकाला 'नो-गो'. गो टोक भोकात सहज गेलं पाहिजे, म्हणजे भोक २४.९८ पेक्षा लहान नाही. नो-गो जाता कामा नये, म्हणजे ते २५.०२ पेक्षा मोठं नाही. गेला, नाही गेला, पुढचा नग. भोकाचं माप २५.००७ आहे की २४.९९१ हे त्या गेजला कधीच कळायचं नाही, आणि तरी त्याच्या शब्दावर गाड्या रस्त्यावर धावत होत्या. चार वर्षांनी ऑर्डरी आटल्या, आमच्यातले बरेचजण घरी बसले, मीही. ओळखीच्या एका क्लासवाल्याने गणिताचे तास घ्यायला बोलावलं आणि मी तिथलाच झालो. पुढे स्वतःच्या खोल्या घेतल्या.

केवल मूल्याची असमानता शिकवताना तो गेज मला इतका उपयोगी पडला की एक जुना, झिजलेला गेज मी जुन्या बाजारातून आणून टेबलावर ठेवला. क्ष वजा तीनचं केवल मूल्य दोनपेक्षा लहान, असं लिहिलं की मुलं सूत्र शोधायला लागतात : धन केस, ऋण केस. मी म्हणतो, तीनचं भोक, टॉलरन्स अधिक-उणे दोन. पोरं हसतात, कारण असं भोक कुठल्याच कारखान्यात पास होणार नाही, पण एक ते पाच हे उत्तर तोंडातून निघून गेलेलं असतं. मेकॅनिकलच्या मुलांना हे लगेच भिडतं. कॉम्प्युटरच्या मुलांना गेज हातात द्यावा लागतो.

आता एका चुकीबद्दल, जी मराठीतही होते, इंग्रजीतही, आणि बहुधा सगळ्याच भाषांत. वजा क्ष. हे नावच असं आहे की ऐकणाऱ्याला ते ऋण वाटतं. क्ष जर वजा सात असेल तर वजा क्ष म्हणजे सात. हे प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येकजण चुकतो. मी वर्गात अक्षराला झाकलेली वाटी म्हणतो. वाटीत काय आहे ते माहीत नाही. बाहेर वजा चिकटवला म्हणून आतला पदार्थ आपोआप ऋण होत नाही.

याचीच थोरली बहीण म्हणजे एक भागिले क्ष हे एकपेक्षा मोठं. मुलं दोन्ही बाजूंना क्षने गुणतात आणि उत्तर लिहितात, क्ष एकपेक्षा लहान. मग मी विचारतो, वजा पाच एकपेक्षा लहान आहे ना? घाला. एक भागिले वजा पाच म्हणजे वजा शून्य पूर्णांक दोन. हे एकपेक्षा मोठं? शांतता. वाटीत काय आहे हे न बघता वाटीने गुणलं, म्हणून असं झालं. क्ष धन धरला तर तोंड तसंच राहतं आणि शून्य ते एक यांच्या मधला तुकडा मिळतो. क्ष ऋण धरला तर डावी बाजूच ऋण, ती एकपेक्षा मोठी कशी होणार? आणि शून्याने भागायचं नाही. संपलं. तीन ओळींचं काम आहे. पण या तीन ओळी लिहायला लागण्याआधी माणसाला स्वतःला अडवावं लागतं, आणि शाळेपासून वेगासाठीच शाबासकी मिळालेल्या मुलाला स्वतःला अडवणं जड जातं.

तोंड फिरतं तरी का, हा प्रश्न मात्र मला फार थोड्यांनी विचारला. बाकीच्यांनी नियम लिहून घेतला. ज्यांनी विचारलं त्यांना मी उभं करून आरशासमोर नेलं. क्लासच्या बेसिनवर एक होता. वजा एकने गुणणं म्हणजे शून्याच्या जागी आरसा धरणं. दोन शून्याच्या जवळ, पाच लांब. आरशात वजा दोन जवळ, वजा पाच लांब. लांबचा तो लांबचाच राहिला, पण आता लांब म्हणजे डावीकडे, आणि डावीकडचा लहान.

ही खूण आली कुठून, हेही मी सांगतो, कारण त्यात मुलांच्या प्रवासाचा एक धागा आहे. बरोबरची खूण रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापली. लहान-मोठ्याच्या खुणा टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात पहिल्यांदा छापून आल्या, १६३१ साली, तो वारल्यावर दहा वर्षांनी. हा हॅरियट सर वॉल्टर रॅलीच्या पदरी होता आणि १५८५ मध्ये त्याच्या मोहिमेबरोबर अमेरिकेच्या किनाऱ्यावर रोअनोक बेटावर गेला होता. तिथल्या लोकांची भाषाही तो शिकला. ते बेट आज नॉर्थ कॅरोलायना राज्यात आहे आणि त्या राज्याची राजधानी रॅली, त्याच धन्याच्या नावाची. माझे कितीतरी विद्यार्थी त्याच रॅलीत एम.एस. करून आलेत. त्यांतल्या एकानेही तिथून हॅरियटबद्दल काही कळवलं नाही, भाड्याबद्दल मात्र सगळ्यांनी कळवलं.

मुलांना शिकवतो तर आपणही बसावं, म्हणून २०१२ मध्ये मी स्वतः परीक्षा दिली. आजूबाजूला माझ्या निम्म्या वयाची पोरं. गणितात १६८ आले. दोन कमी. कुठला प्रश्न चुकला हे ती परीक्षा सांगत नाही, पण मला ठाऊक होतं. बाहेर पडून जिना उतरताना, दुसऱ्या वळणावर, लख्ख आठवलं की एका प्रश्नात मी शून्याला बोलावलंच नव्हतं. प्रश्न काय होता ते सांगणार नाही. गुप्ततेची अट मान्य करूनच आत सोडतात. पण जो पाहुणा मी शेकडो मुलांना विसरू नका म्हणून बजावत आलो, त्यालाच विसरून मी जेवणं उरकली होती. पुढच्या बॅचला हे सांगितलं तेव्हा आधीच्या कुठल्याही उपदेशापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.

दोन असमानतांचं काय करता येतं आणि काय नाही, यावर मी दोन तास घेतो. इथे एवढंच सांगतो की एकाच दिशेला तोंड असेल तर बेरीज चालते, वजाबाकी चालत नाही, आणि गुणाकाराला टोकांच्या चारही जोड्या तपासाव्या लागतात. क्ष वजा तीन ते दोन, य वजा चार ते पाच. गुणाकार जास्तीत जास्त किती? दोन पाचे दहा, असं अर्धा वर्ग म्हणतो. वजा तीन आणि वजा चार कोपऱ्यात बसून बारा करून मोकळे झालेले असतात.

मार्च २०२० मध्ये परीक्षा घरी बसून देण्याची सोय झाली. साधा कागद चालणार नाही. एक लहान पांढरी पाटी किंवा पारदर्शक कव्हरात घातलेला कागद, आणि पुसता येणारा मार्कर. शेवटी सगळं पुसून कॅमेऱ्यासमोर दाखवायचं. नांदेडच्या एका मुलीने त्या उन्हाळ्यात अशी परीक्षा दिली. फोनवर म्हणाली, "सर, पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटलं. पाटी पुसा, पुढचं गणित." तिची अडचण वेगळीच निघाली. क्ष धन धरून तिने एक उत्तर काढलं, पाटी भरली, पुसली. क्ष ऋण धरून दुसरं काढलं, आणि मग दोन्ही एकत्र करताना पहिलं काय आलं होतं तेच आठवेना. "मग काय केलंस?" म्हटलं. "दुसरी केस तळहातावर लिहिणार होते, पण कॅमेऱ्यात दिसेल म्हणून घाबरले." तेव्हापासून मी वर्गातही मुलांना फळ्याचा एक कोपरा राखून ठेवायला सांगतो. धनचं उत्तर तिथे. तो शेवटपर्यंत पुसायचा नाही.

त्याच सुमारास बऱ्याच विद्यापीठांनी जीआरईची सक्ती काढली, ती सगळ्यांनी परत आणलेली नाही. बॅचा आटल्या. दोन खोल्यांची एक झाली. पालक अजून येतात, खुर्चीत टेकतात आणि विचारतात, "सर, नक्की किती स्कोअर लागतो?" मी सांगतो की बहुतेक ठिकाणी असा आकडा ठरलेला नसतो, बाकीची प्रोफाइलही बघतात. त्यांचं समाधान होत नाही. कर्ज काढायचंय, फ्लॅट तारण ठेवायचाय, त्यांना बरोबरची खूण हवी असते. मी त्यांना 'अमुकच्या वर असेल तर बरं' असं सांगतो आणि ते मनातल्या मनात 'अमुक' एवढंच लिहून घेतात.

तो संगमनेरचा मुलगा जानेवारीत भेटायला आला होता. आता तिकडेच असतो, केस पांढरे व्हायला लागलेत, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. टेबलावरचा गेज तिने उचलून पाहिला, दोन्ही टोकांवरून बोट फिरवून बघितलं. मी तिला विचारलं, तिकडे शाळेत लहान-मोठं कसं शिकवतात? तिने हवेत दोन्ही हातांनी मगरीचा जबडा करून दाखवला.

सहावी, सातवी, आठवीला गणित शिकवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती आहे. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य वर्गात म्हणू नका. त्याने दोन मिनिटं वाचतात हे मला माहीत आहे, मीही ती वाचवली आहेत. 'दोन्ही बाजूंतून तीन वजा करा' असं म्हणा आणि पोरांना ती जास्तीची ओळ लिहायला लावा. तेवढ्या एका ओळीसाठी अर्धा गुण कापू नका.